मध्यरात्रीचा रहाट आणि वसंतरावांचं हसू

आमचा धंदा साऊंड आणि मंडपाचा. लग्न, जयंती, गणपती, तेरवी, कशालाही आमचे स्पीकर जातात. या धंद्यात एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. कार्यक्रम चालू असताना लोक माईकवर जे बोलतात ते दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात नसतं. कार्यक्रम संपतो, खुर्च्या एकावर एक चढतात, मी वायर गुंडाळायला बसतो, तेव्हा जो कोणी मागे रेंगाळलेला असतो तो खरं बोलायला लागतो. असे किस्से साचत जातात. लग्नांचे वेगळे, तेरवीचे वेगळे. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त साचलेत ते आमच्या रविवारच्या सिनेमाचे, आणि त्यातही एकाच सिनेमाचे.

आम्ही पुलगावचे चौघं. गजभिये सर, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. वसंतराव वानखेडे, डेपोतून रिटायर झालेले, मूळचे हिंगणीचे, तिथं घरची जुनी शेती. मीनाताई, पोस्टात आहेत. आणि चौथा मी, कारण प्रोजेक्टर माझा! वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही खिडक्यांना मंडपाचं काळं कापड लावतो आणि जुना सिनेमा पाहतो. आणखी कोणी आलं तर येतं. मधेच शेजारून मालगाडी गेली तर तेवढा वेळ सिनेमा मुका होतो, त्याची सगळ्यांना सवय आहे.

भुताचा सिनेमा असला की सरांचा एक नियम असतो. सिनेमा संपला की प्रत्येकानं आपलं भेव सांगायचं. म्हणजे नेमका कोणत्या जागी भ्यालो ते. 'भेलोच नाई' हे उत्तर चालत नाही. दुसऱ्याच्या भेवाला हसायचं नाही. आणि सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय चहा नाही.

* * *

सिनेमाचं नाव 'मध्यरात्रीचा रहाट'. तुम्ही ऐकलं नसेल, कोणीच ऐकलेलं नाही. सर नागपूरला मुलीकडे गेले होते, तिथं फुटपाथवर सीडींच्या ढिगात नद्यांवरच्या माहितीपटाची सीडी शोधत होते. हाती आला हा. कव्हरवर लाल साडीतली बाई, तिच्यामागे कवटी, आणि रक्त ठिबकतंय अशी अक्षरं. सिनेमात कवटी नाही, रक्त नाही, आणि साडी लाल असली तरी कळणार नाही, कारण सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट!

गोष्ट साधी आहे. एका गावात नवीन सून येते. रात्री तिला विहिरीचा रहाट वाजताना ऐकू येतो. बादली आपोआप वर येते आणि आपोआप जमिनीवर उलटी होते. गाव घाबरतं. शेवटाकडे ती विहिरीवरची बाई दिसते. आधी कठड्यावरून एक हात वर येतो. मग ती स्वतः दिसते, कठड्याच्या खाली बसलेली, दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरून. एकच शब्द म्हणते, पाणी. ती कोणाला मारत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. आणि गाव काय करतं? विहीर दगडांनी बुजवून टाकतं. संपला सिनेमा.

आता तो कठड्यावरून येणारा हात. तो लाकडाचा आहे. कोणीतरी खालून काठीवर धरून वर सरकवतो आहे हे शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसतं. पहिल्या दिवशी तो हात वर आला आणि वसंतराव हसले. वसंतरावांचं हसू म्हणजे खुर्चीसकट हसणं असतं. ते म्हणाले, हा तर साडीच्या दुकानातल्या पुतळ्याचा हात. मग मी हसलो, मीनाताई हसल्या, आणि या गोंधळात पडद्यावर ती बाई ओंजळ धरून बसली होती तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

भेव सांगायची वेळ आली तेव्हा वसंतराव वर बघत म्हणाले, "मी या पंख्याले भेलो. कवाचा हलून राह्यला डोक्यावर!"

नियम मोडून सगळे हसले. सरही हसले. चहा झाला, माणसं पांगली, मी वायर गुंडाळत होतो. सर जिन्याजवळून परत आले आणि म्हणाले की पुढच्या वेळी हाच लावायचा.

* * *

पुढच्या वेळी हाच लावला. वसंतराव त्याच जागी हसले. त्यांचं भेव या वेळी मीनाताईंच्या चिवड्यातली मिरची होती.

मीनाताईंनी मात्र त्या दिवशी विचार करायला वेळ मागितला. मीनाताई बोलायला कधी थांबत नाहीत. पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला त्या पत्ता चुकला म्हणून झापतात, आणि त्यालाच मुलगी कशी आहे म्हणूनही विचारतात. 

मग म्हणाल्या की त्या भुताला भ्याल्याच नाहीत. सिनेमात एक जागा आहे. सून रहाटाचा आवाज ऐकून उठते आणि बाहेर जायला निघते, तर सासूनं दाराला बाहेरून कडी लावलेली असते. दोन सेकंदांची जागा. मी तर पाहिलीसुद्धा नव्हती.

मी म्हणालो, "कडीले काऊन भेल्या, ताई?"

"लग्न झालं तवा आमच्या घराले बी बाहेरून कडी होती," मीनाताई म्हणाल्या. "सासू गेल्यावर मी पयले ते कडी काढली. लोकं रडून राह्यले होते अन् मी पेचकस शोधून राह्यली होती."

 सर हळूच म्हणाले, हे भेव पक्कं. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नसते.

* * *

एव्हाना मला कळायला लागलं होतं की सरांना हा सिनेमा नुसता आवडलेला नाही. त्यांना तो एका माणसाला दाखवायचा आहे, आणि तो माणूस वसंतराव आहे. आमच्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळे सिनेमे होते. पण दोन-तीन महिने गेले की सर रहाटावर येऊन थांबायचे. सिनेमा सुरू झाला की ते पडद्यापेक्षा वसंतरावांकडे जास्त बघायचे.

आणि या दोघांची दोस्ती म्हणाल तर सख्ख्या भावांचीही तेवढी नसेल. सरांच्या मुलीच्या लग्नात मंडपाचं सगळं वसंतरावांनी पाहिलं, माझ्याशी खुर्च्यांवरून भांडले ते अजून आठवतं. वसंतरावांच्या बायपासच्या वेळी दवाखान्यात सर त्यांच्या उशाशी बसून होते. एकाच्या घरी मुगाचे वडे झाले की दुसऱ्याच्या घरी डबा जातो. त्यामुळे मला कळेना की एका सिनेमावरून सर एवढे का अडलेत.

एकदा सगळे गेल्यावर मी विचारलंच. सरांनी एक खुर्ची उघडली आणि बसले. म्हणाले की त्यांची आई लहानपणी देवळीकडच्या एका गावात विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही. वरच्या बाईला दया येईल तेव्हा ती ओतेल. कधी लवकर ओतायची, कधी ऊन डोक्यावर यायचं. पुढे सगळे बौद्ध झाले, आई नागपूरला जाऊन आली, तिनं तो विषय घरात कधी काढला नाही. मरायच्या आधी एकदा सांगितला, तोही पाणी प्यायला दिलं तेव्हा. सरांनी हे सगळं वर्गात धडा सांगावा तसं शांतपणे सांगितलं.

मी म्हणालो, मग सांगून टाका ना वसंतरावांना. समजेल त्यांना. चांगला माणूस आहे.

"चांगला हाय म्हनूनच नाई सांगत," सर म्हणाले. "सांगतलं तर तो माफी मांगन. मले माफी नाई पायजे, राजू. त्यानं एकडाव भ्यावं, एवढंच पायजे."

मला तेव्हा ते पूर्ण समजलं नाही. 

* * *

मधे एक गंमत झाली ती कारंजा गावातली. कारंजा घाडग्यांचं.

हायवेवरच्या एका धाब्याचं नवीन शेड झालं होतं, त्याच्या उद्घाटनाला माझा साऊंड होता. संध्याकाळी भाषणं आटोपली, गाणी वाजवायची होती, तर पाहुण्यांपैकी कोणाच्या घरी वाईट बातमी आली. मालक म्हणाला गाणी नको, पण ट्रकवाले बसलेत, पडद्यावर काहीतरी शांत चालू ठेव. माझ्या पेनड्राइव्हमध्ये शांत असं काय असणार? मी रहाट लावला.

धाब्यावर पाच-सहा ड्रायव्हर होते. कोणी पंजाबचा, कोणी बिहारचा. मराठी कोणालाच येत नव्हती. जेवता जेवता बघत होते. मी मनात म्हटलं, आता हात येईल आणि हे हसतील. हात आला. एक-दोघं हसलेही. मग ती ओंजळ आली, तिचा तो एक शब्द आला, आणि गाव दगड घेऊन निघालं.

एक म्हातारा सरदारजी हातातला रोटीचा तुकडा तसाच धरून बसला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, इसको पानी क्यों नहीं दे रहे?"

वेटर म्हणाला, पाजी, पिक्चर है. म्हातारा त्याच्यावरच चिडला. पिक्चर है तो क्या, एक लोटा ही तो माँग रही है! त्याचं जेवण तिथंच थांबलं. त्यानं मला विचारलं की पुढे कोणी देतं की नाही. मी नाही म्हणालो. तो उठला, नळावर हात धुतले आणि ट्रककडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हे सरांना सांगायला गेलो. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. सरदारजी नेमका काय म्हणाला ते त्यांनी मला दोनदा हिंदीत म्हणायला लावलं. पाइप तोवर एकाच कुंडीत वाहत होता.

"पाह्य," ते म्हणाले, "भाषा बी लागली नाई."

* * *

दरम्यान वसंतरावांची भेवांची यादी वाढतच होती. एकदा ते प्रोजेक्टरच्या गरम वासाला भ्याले. एकदा सिनेमातल्या सूनबाईच्या ओव्हरॲक्टिंगला भ्याले. एकदा म्हणाले, "सर पुढच्या महिन्यात बी हाच लावनार हायेत, त्याले भेलो!"

एका रविवारी हात वर यायच्या थोडं आधी लाइट गेली. काळं कापड लावलेलं, उकाडा, हॉलमध्ये काही दिसेना. कोणी उठायला लागलं तर सर म्हणाले, बसा. आणि त्यांनी अंधारात पुढचा सिनेमा तोंडी सांगायला सुरुवात केली. बादली कशी येते, कठड्यावर दोराच्या घासण्यानं दगड कसा गुळगुळीत झालाय, कॅमेरा किती हळू खाली उतरतो. ती बाई बसते तिथं जमीन कशी ओली आहे. रोज रात्री ती स्वतःच पाणी काढते आणि तरी तिला पिता येत नाही, कारण तिला ते कोणीतरी द्यायला हवं आहे. हे मला इतक्या वेळा पाहूनही कळलं नव्हतं.

 वसंतरावांचा श्वास मला ऐकू येत होता, माझ्या शेजारीच होते ते. मला वाटलं, आज होणार.

तेवढ्यात लाइट आली. मी सिनेमा होता तिथून सुरू केला, पडद्यावर हात वर आला, आणि वसंतराव हसले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, सरांकडे बघून मान हलवली, तरी हसू आवरेना. माणूस काय करणार? तो हातच तसा आहे.

* * *

मग मीनाताईंच्या डोक्यात एक कल्पना आली. सगळा घोळ त्या हाताचा आहे ना? मग तो हातच काढून टाकू! लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारा एक पोरगा त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून त्यांनी तेवढा तुकडा उडवून घेतला. आधी रहाट, मग थेट ओंजळ. इतकं सफाईदार केलं होतं की मलासुद्धा जोड दिसला नाही. सरांना सरप्राइज द्यायचं ठरलं.

तो दिवस मी विसरणार नाही. रहाट थांबला, ओंजळ आली. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. वसंतरावसुद्धा नाही. मीनाताईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

सर उभे राहिले. इतक्या वर्षांत सिनेमा चालू असताना सर उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, थांबव. मी थांबवला. म्हणाले, मागे घे. मागे घेतला. पुन्हा रहाट, पुन्हा ओंजळ.

"हात कुठी गेला?"

मीनाताईंनी सांगितलं. चांगल्यासाठीच केलं म्हणाल्या. वसंतभाऊ तिथं हसतात म्हणून.

सरांचा आवाज चढला नाही. पण शाळेत पोरं त्यांना का भ्यायची ते मला त्या दिवशी कळलं.

"हसू द्या त्याले. हसला तर हसला," ते म्हणाले. "त्या लोकायजवळ पैसे नसन, म्हनून लाकडाचा केला. पन तिनं हात वर केला होता, मीनाताई. तो तुमी कापला."

मीनाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि वसंतराव, ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग, ते गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. एका लाकडी हातावरून एवढं काय झालं ते त्यांना कळेना. त्या दिवशी कोणी भेव सांगितलं नाही, त्यामुळे चहाही झाला नाही. दुसऱ्या दिवशी जुनी सीडी शोधून मी सिनेमा परत होता तसा केला.

* * *

सरांना काचबिंदू निघाला तो याच सुमाराला. बाजूचं दिसेनासं झालं. जिन्यावर वसंतराव त्यांचा हात धरायचे आणि प्रत्येक पायरीला शिव्या द्यायचे, की या वाचनालयवाल्यांना हॉल खाली बांधता आला नाही का.

वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तेच घेऊन जायचे. एकदा मीही गाडीत होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय त्रास होतो? सर म्हणाले की बाकी ठीक आहे, पण सिनेमाचा पडदा आता पूर्ण दिसत नाही. वसंतराव म्हणाले, चांगलंच झालं, तो हात तरी दिसणार नाही. डॉक्टरीणबाई हसल्या. सर हसले नाहीत.

परत येताना पुलगाव जवळ आलं तेव्हा वसंतराव समोरच्या रस्त्याकडे बघतच म्हणाले, "सर, तुमाले दिसते तोवर एकडाव मोठा लावू तुमचा सिनेमा. आमच्या हिंगणीले. अख्खं गाव बसवतो."

सरांनी फक्त बरं म्हटलं. घरी उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, "हा शेवटचा चान्स, राजू." 

* * *

हिंगणीला आम्ही दुपारीच पोचलो. गावाच्या सभागृहात पडदा बांधून झाला, दिवेलागणीला अवकाश होता, म्हणून वसंतरावांनी आम्हाला त्यांचं शेत दाखवायला नेलं. संत्र्याची झाडं दाखवली, नवा गोठा दाखवला, जंगलाकडून रानडुकरं कुठून येतात ते दाखवलं. मग विहीर. आता तिच्यावर लोखंडी जाळी आहे आणि मोटर बसवलेली आहे, पण बांधकाम जुनं, दगडी. कठड्याच्या बाहेर, थोडा खाली, एक सपाट दगड वेगळा बसवलेला होता.

मीनाताईंनी विचारलं, हा कशाला?

वसंतराव सहज सांगायला लागले. "या दगडावर भांडं ठेवाचे अन् मांगं सरून उभे राह्याचे ते लोकं. मंग इथून वरून आपन..."

ते थांबले. सर त्यांच्या बाजूलाच उभे होते, डोळ्यांवर हात आडवा धरून तो दगड नीट बघायचा प्रयत्न करत होते.

"वरून कोन ओते?" सरांनी विचारलं.

"आजी ओते. आई ओते." वसंतरावांनी जाळीवर हात ठेवला. "सुट्ट्यायमध्ये मी राहो तर मी बी. लहान होतो, सर. कधी ओतो, कधी पोरं बलावाले आले का तसाच पळून जाओ खेळाले."

 मोटर बंद होती, कुठंतरी होला पक्षी घुमत होता. मीनाताई म्हणाल्या, चला, उशीर होईल. परत येताना वसंतराव सगळ्यांच्या पुढे चालत होते.

संध्याकाळी सभागृह भरलं. खाली सतरंजीवर बाया आणि पोरं, मागे खुर्च्यांवर माणसं. सरांनी एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले. मी म्हणालो, सर, सिनेमा? ते म्हणाले, मला पाठ आहे. मला आज ऐकायचंय.

सिनेमा चालला. कुठं पोरं किंचाळली, कुठं बायांनी पदर तोंडावर धरले. मग कठड्यावरून तो हात वर आला आणि सगळं सभागृह हसलं. पोरं हसली, सरपंच हसले, खुर्च्यांवरची माणसं हसली. सर मान खाली घालून ऐकत होते. मी आयुष्य आवाजात काढलंय. वसंतरावांचं हसू मला चालू डीजेमध्येही ओळखता येईल. मी कान देऊन ऐकलं. त्या हसण्यात ते नव्हतं.

सिनेमा संपला, मी दिवे लावले. मीनाताईंनी गावाला नियम समजावून सांगितला आणि लोकांना तो फार आवडला. एक पोरगी बादलीला भ्याली होती. सरपंच म्हणाले, मी या वायरिंगला भ्यालो. वसंतरावांची एक म्हातारी काकू म्हणाली की एवढं पाणी रोज जमिनीवर सांडतं, त्याचं तिला भेव वाटलं. मीनाताई प्रत्येकाला माईक देत पुढे सरकत होत्या. शेवटी त्या वसंतरावांपाशी आल्या. ते खुर्चीवर नव्हते. पहिल्या रांगेत, सतरंजीवर, पोरांमध्ये मांडी घालून बसले होते. केव्हा जाऊन बसले ते मला कळलं नव्हतं.

लोक आधीच हसायच्या तयारीत होते, गावाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. वसंतरावांनी माईक घेतला नाही. ते पडद्याकडे बघत होते, तिथं आता नुसतं पांढरं कापड होतं. मग वळून सरांकडे बघितलं.

"मी भेलो, सर," ते म्हणाले. "ती पानी मांगून राह्यली होती, अन् मी खेळाले चाललो होतो."